परक्याचं लेकरू

माघ निम्मा सरला की बिदरजवळच्या नौबादच्या रस्त्यानं कडब्याच्या गाड्या जायला लागतात. माझी खोली रस्त्याला लागूनच आहे. गाडी दिसायच्या आधी तिची सळसळ ऐकू येते, कारण पेंढ्या दोन्ही अंगांनी इतक्या बाहेर आलेल्या असतात की कडेच्या बाभळींना घासत जातात. बैल दिसत नाहीत, गाडीवानही दिसत नाही. ताटांचा एक पिवळा ढीगच रस्त्यावरून हळूहळू सरकत येतो आणि जाताना मागं थोडी पाती आणि वास ठेवून जातो. मी हातातलं काम टाकून दारात उभी राहते. गाडी वळणापलीकडं गेली तरी उभीच असते.

आमच्याकडं या दिवसांना सुगी म्हणतात. कन्नडातही सुग्गीच म्हणतात, त्यामुळं निदान या एका बाबतीत तरी दोन भाषांचं भांडण नाही. शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या कन्नड बाई परवा खिडकीतून अशीच गाडी बघून म्हणाल्या, "सुग्गी बंतु." सुगी आली. म्हणताना त्यांचा चेहरा फुलला होता. फुलणारच, वर्षाचं धान्य घरात येण्याचे दिवस ते. मला मात्र सुगी आली की रडू येतं. हे मी सरळ सांगून टाकते, कारण आमच्या घरात मनातलं सरळ न सांगण्यापायी फार सोसावं लागलेलं आहे.

औराद तालुक्यात, चिंताकीच्या अलीकडं आमचं गाव. काळी जमीन. जोंधळा, तूर, करडई. बाजारात एकाशी मराठीत, दुसऱ्याशी कन्नडात, तिसऱ्याशी तेलुगूत भाव करायचा आणि भांडण पेटलं की सगळ्यांनी मिळून दखनी उर्दूत भांडायचं, अशी आमच्या लोकांची रीत. मी शाळेत जायला लागले त्याच्या थोडं आधीच आमचा भाग म्हैसूर राज्यात आला होता. मोठी माणसं पारावर बसून त्यावर तासन्‌तास बोलत. आम्हा पोरांना कळलेला फरक एवढाच की शाळेच्या भिंतीवर कन्नडची गोल गोल अक्षरं आली.

माझ्या पाठची तीन भावंडं गेली. मला त्यांचे चेहरे आठवत नाहीत. आठवतो तो रिकामा पाळणा, जो काढून माळ्यावर ठेवायचा आणि पुन्हा उतरवायचा. उतरवताना माय त्याच्या दोऱ्या ओढून ओढून बघायची, जणू दोष दोऱ्यांचाच होता.

अशा घरी पुढचं मूल झालं की आमच्या भागात त्याला आपलं म्हणत नाहीत. माझा भाऊ जन्मला तेव्हा सुइणीनं त्याला सुपात घातलं आणि ते सूप नेऊन उकिरड्याच्या कडेला ठेवलं. ठरल्याप्रमाणं आमच्या भिंतीपलीकडची चांदबी खाला तिथून गेली. ती पिंजाऱ्याच्या घरातली, आम्ही तिला खाला म्हणजे मावशी म्हणायचो; तिची पोरं मोठी झालेली. थांबून तिनं मोठ्यानं विचारलं, "किसका बच्चा है ये? कोई न्हाई क्या इसका?" कुणी उत्तर द्यायचं नव्हतं. "फिर मेरा," म्हणून तिनं त्याला उचललं. मग मायनं तिला सूपभर कोंडा दिला आणि त्या बदल्यात 'खालाचं पोरगं' सांभाळायला म्हणून घरात घेतलं. नाव ठेवलं केरबा. केरातून आलेला, कुणाचाच नसलेला. आता देव या घरातलं मूल शोधत आला तरी त्याला काही सापडायचं नाही. इथं राहतंय ते परक्याचं लेकरू.

मला आता त्याचं हसू येतं. ज्याला सगळं कळतं म्हणून हात जोडायचे, त्यालाच आम्ही सूपभर कोंड्यात गुंडाळायला निघालो होतो. पण हसू फार वेळ टिकत नाही. तीन लेकरं मातीत घातलेल्या बाईला कुणी सांगितलं असतं की चंद्रावर जाऊन ये, तर ती तिथंही गेली असती.

आणि आम्ही शब्दांना भिणारी माणसं. दिवा विझवला म्हणायचं नाही, मोठा केला म्हणायचं. बांगडी फुटली नाही, वाढवली. घरातून निघताना जातो नाही, येतो. खळ्यावर धान्याची रास मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, आणि तोवर सगळ्यांनी तोंडं मिटून बसायचं. मी लहानपणी समजायचे की देव कुठंतरी कणगीमागं लपून आमचं बोलणं ऐकतोय आणि चुकीचा शब्द सापडायची वाट बघतोय. असा देव कुणाला आवडेल? पण मायला तोच माहीत होता, आणि ती त्याच्याशी शब्द जपून वागत होती.

केरबाचा नेम पाच वर्षांचा होता. पाचवं लागलं की सुगी आटोपल्यावर ओढ्यापलीकडच्या महादेवाची जत्रा, तिथं त्याचं जावळ काढायचं, खालाला लुगडं नेसवायचं आणि तिच्याकडून त्याला परत मागून घ्यायचं. तोवर मायनं त्याला 'माझा' म्हणायचं नाही आणि त्यानं तिला माय म्हणायचं नाही. खालाला तो अम्मा म्हणायचा. खाला मायला अक्का म्हणायची, म्हणून तोही अक्का म्हणायचा. लहान होता तेव्हा माय त्याला पाजताना तोंड भिंतीकडं करून बसायची. त्याला पदराखाली घेतलेलं, आणि डोळे भिंतीच्या पोपड्यांवर. त्या वेळी मला वाटायचं, हिला हा आवडत नाही.

गावानं त्याचा खेळ केला होता. वाटेत दिसला की कुणीही विचारायचं, "कुणाचा रं तू?" तो छाती काढून सांगायचा, "खालाचा!" मग हसून त्याच्या हातावर बोरं नाहीतर भुईमुगाच्या शेंगा ठेवायच्या. मी घरात मायला माय म्हणते हे त्याला बोलता यायला लागल्यापासून कळत होतं. एकदा माझं ऐकून त्यानंही हाक मारली. मायनं चुलीपुढून झटक्यात उठून त्याच्या तोंडावर हात ठेवला. मारलं नाही, नुसता हात ठेवला आणि छपराकडं बघितलं. त्यानंतर तो गोठ्यात जाऊन वासराजवळ बसायचा आणि वासराच्या वतीनं गाईला हाका मारायचा. "माय, दूध दे. माय, हिकडं ये." तिथं कुणी त्याला अडवत नव्हतं.

ती सुगी म्हणजे त्याच्या पाचव्या वर्षाची सुगी. जोंधळा चांगला आला होता. जोंधळा उपटताना ताटांनी तळहात सोलून निघत, माणसं सकाळी हाताला करडईचं तेल लावून निघत. बायका खुडणीला बसल्या की कणसांचे ढीग वाढत जायचे. केरबा ढिगावरून घसरत यायचा आणि ज्याला त्याला सांगत सुटायचा, "जत्रेत मी अक्काला माय म्हणणाराय." बायका हसायच्या. माय ऐकून न ऐकल्यासारखं करायची, पण त्या दिवसांत तिचे हात भरभर चालायचे. जत्रेसाठी तिनं गव्हाचं पीठही वेगळं काढून ठेवलं होतं. इतकी आनंदात मी तिला पूर्वी कधी बघितली नव्हती, नंतरही नाही.

मग गावात डांग्या खोकला आला. आधी वेशीतल्या पोरांना, मग आमच्या गल्लीत. केरबाला लागला तेव्हा साधंच वाटलं. हळूहळू उबळ वाढत गेली. खोकून खोकून आतला सगळा वारा संपायचा, चेहरा काळानिळा व्हायचा, आणि मग तो श्वास आत ओढायचा तेव्हा जो आवाज निघायचा तो मी कुणाला सांगू शकणार नाही. उबळ आली की खळं थांबायचं. मळणाऱ्या बैलांची पात थांबायची, कणसं खुडणाऱ्या बायकांचे विळे थांबायचे. श्वास परत आला की सगळी माणसं एकदम कामाला लागायची, एकमेकांकडं न बघता.

उपाय कोणते राहिले? कुणी गाढविणीचं दूध सांगितलं, अप्पा, माझे वडील, वडारांच्या पालावर जाऊन वाटीभर घेऊन आले. गळ्यात काळा दोरा झाला. औरादहून औषधाची बाटली आली. खाला तुळस, मिरं आणि आणखी कसकसल्या पाल्यांचा काढा करून आणायची आणि त्याला मांडीवर घेऊन चमच्यानं पाजायची. दर्ग्यात जाऊन तिनं त्याच्या नावानं चादर कबूल केली. माय सोमवार धरायचीच, आता रोज ओढ्यापलीकडच्या देवळात जायला लागली. मी बरोबर असायचे.

तिथं ती काय बोलायची ते मला अजून शब्द न्‌ शब्द आठवतं. पिंडीपुढं बसून, पदर डोक्यावर घेऊन, ती म्हणायची, "महादेवा, चांदबीचं लेकरू बिमार हाय. लै खोकायलंय. तिच्या लेकराकडं बग जरा." एवढंच. माझं लेकरू असं देवापुढंही तिच्या तोंडून निघत नव्हतं. शेजारणीच्या पोरासाठी रदबदली करायला आल्यासारखी ती बसायची, अंग चोरून, फार न मागता. मी घंटा वाजवायचे, आणि मला इतका राग यायचा की घंटा गरजेपेक्षा जास्तच वाजायची.

शेवटी अप्पा आणि माय त्याला घेऊन मोटारीनं बिदरला गेले. तिथं घडलेलं अप्पांनी मला फार वर्षांनी सांगितलं, माझी स्वतःची नोकरी लागल्यावर. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी विचारलं, पोराची आई कोण? माय म्हणाली, "ती न्हाई आली. मी अक्का त्याची." नर्सबाई वैतागल्या. इतकं आजारी मूल, आणि आई घरी बसली? त्यांनी अप्पांनाही चार शब्द सुनावले. "आन्‌ तुझी माय मान खाली घालून ऐकून घ्यायली व्हती बग," अप्पा म्हणाले, "कसल्या आईचं पोरगं म्हून." हे सांगताना अप्पांनी डोक्याचा पटका काढून तोंड पुसलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की खोकला छातीत उतरलाय. औषधं दिली, ऊब धरायला सांगितलं. येताना अप्पांनी त्याला एक मोसंबी घेतली. तो ती सोलू देईना, नुसती हातात धरून घरी आला.

जत्रा जवळ आली होती. मायच्या मनात काय चाललं असेल ते मला आता कळतं, तिच्या त्या वेळच्या वयाहून मी आज मोठी आहे. थोडेच दिवस तोंड मिटून काढायचे. एवढी वर्षं निभावलं, आता काठावर येऊन शब्द बाहेर पडला तर? तिला त्याच्याजवळ जायचीही भीती वाटत असे, आणि दूर जायचीही. ती त्याला शेक द्यायची, पाठ चोळायची, आणि सगळा वेळ ओठ दाबून धरायची.

मळणी उरकून उधळणी चालली होती. घर बंद करून सगळे खळ्यावर, म्हणून केरबालाही तिथंच आणलेलं, कडब्याच्या गंजीच्या आडोशाला, घोंगडीत. दुपार कलली आणि वारं पडलं. अप्पा तिवईवर पाटी धरून तसेच उभे राहिले. वाऱ्याशिवाय भूस उडत नाही, मग माणसानं थांबायचं, दुसरं काही करता येत नाही. खाला काढा घेऊन आली होती. केरबा मायच्या मांडीवर होता. उबळ यायचीही ताकद आता कमी झाली होती.

"कैसा है मेरा बच्चा?" खाला नेहमीसारखी म्हणाली.

त्यानं डोळे उघडले. खालाकडं बघितलं, मग वर मायकडं. आणि गावानं त्याला जन्मभर जे विचारलं होतं ते त्यानं पहिल्यांदा स्वतः विचारलं.

"अक्का, मी कुणाचा?"

मायनं खालाकडं बघितलं. खालानं हातातली वाटी खाली ठेवली.

"अक्का, बस हो गया," ती म्हणाली. "मैं वापस देती. तुझा हाय, तू घे. बोल उसकू."

"जत्रा हुऊ दे की गं चांदबी," माय म्हणाली. "जवळ आलीया. तेवडी हुऊ दे."

"बोल," तिवईवरून अप्पा म्हणाले. अप्पा मायला कधी हुकूम करत नसत. तो हुकूम नव्हताच.

"सांग की," केरबा म्हणाला.

मायनं त्याला उचलून छातीशी घेतलं आणि या वेळी भिंतीकडं, आभाळाकडं, कुठंच न बघता त्याच्या तोंडाकडं बघितलं. "माझा," ती म्हणाली. "माझा हाईस तू. माझ्या पोटातून आलास. मी माय हाय तुझी."

"खालाचा न्हाई?"

"खालाचा बी. पर माझा."

तो तिच्याकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "माय." आणि थांबला. तोंडावर हात येतो का ते बघत होता. हात आला नाही. मग त्यानं पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा. मोठ्यानं म्हणायला त्याच्यात जोर नव्हता, पण तोंडात काही गोड असावं तसा तो ते म्हणत राहिला. खाला तोंडात पदर कोंबून उठून गेली. अप्पा तिवईवरून उतरले आणि बैलांकडं जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं वारं सुटलं, पण त्या दिवशी उधळणी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत तो गेला. मायच्या मांडीवर.

माय रडली ती सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी. माझ्या लेकरा, माझ्या राजा, माझ्या पोटच्या गोळ्या. इतक्या वर्षांत न उच्चारलेले सगळे शब्द तिनं त्या दिवशी मोकळे केले. खाला दुसऱ्या बाजूला बसून आपल्या बोलीत रडत होती. दोघी एकाच लेकराला रडत होत्या आणि दोघींनाही कुणी गप्प करत नव्हतं.

जत्रा झाली. आम्ही गेलो नाही. नंतर विहिरीवर, गिरणीत, हळूहळू बोलणं सुरू झालं. एवढे दिवस कळ काढली, आणखी थोडी काढायची होती. माझा म्हणाली आणि देवाला सापडलं. कुणी दुष्टपणानं बोलत नव्हतं, हळहळून बोलत होते. त्यामुळं ते जास्तच लागत होतं. माय घागर उचलून वाटेला लागायची. ती तेच स्वतःशीही बोलत असणार, याची मला खात्री होती. भाकरी थापता थापता तिचा हात थांबायचा आणि तवा नुसताच तापत राहायचा.

एकदा खालासमोर मात्र तिनं विचारलं, "चांदबी, मीच दिलं का गं केरबाला देवाच्या हातात?" खाला कापूस निवडत होती. ती म्हणाली, "अल्ला इतका भोळा हाय का अक्का, कोंड्यात फसायला? उसकू पैलेच मालूम था. ये बच्चा किसका, उसकू पैले दिनसे मालूम था." मग मायनंही पुढ्यात कापूस ओढला आणि दोघी निवडत राहिल्या.

मी त्या वर्षी देवाशी अबोला धरला. एवढ्याशा मुलीच्या अबोल्यानं त्याचं काय बिघडणार होतं म्हणा. पण मी घंटेला हात लावत नव्हते, प्रसाद ओढ्यात टाकत होते. माय जायची. सोमवारही सुटला नाही तिचा. मला ते लाचारीचं वाटायचं. मार खाऊन पुन्हा त्याच दारात जाणाऱ्या माणसाचा जसा राग येतो, तसा मला माझ्या आईचा राग यायचा.

पुढं नोकरीत असताना काही वर्षं मी अफजलपूरला होते. भीमेचं पाणी, उसाचे फड. वर्गाची हजेरी घेताना कोंडाबाई, धोंडिबा, दगडू अशी नावं यायची आणि पोरं हसायची. मी कधी हसले नाही. प्रत्येक नावामागं एक बाई भिंतीकडं तोंड करून बसलेली मला दिसायची. हल्ली अशी नावं कमी झालीत. लशी आल्या, दवाखाने आले, आणि मधल्या काळात राज्याचं नावही म्हैसूरचं कर्नाटक झालं. बायांच्या मनातली भीती कितपत गेली ते मला ठाऊक नाही. पेपरच्या दिवशी पोरांच्या खिशात अंगारा सापडतो तेव्हा वाटतं, ती फक्त जागा बदलते.

केरबा गेल्यावर दोन सुग्यांनी मला बहीण झाली. सुईण सूप घेऊन आली, कुणी सांगायच्या आधीच. खालाही दाराशी येऊन उभी राहिली. माय बाजेवर पडल्या पडल्या म्हणाली, "सूप ठिवा तिकडं. माझी हाय ही." सुइणीनं खूप समजावलं. दोन म्हाताऱ्या बायांनी तर तिला वेड लागलंय असं ठरवूनच टाकलं. माय एकच वाक्य बोलत राहिली. नावसुद्धा तिनं केर-कोंड्याचं ठेवलं नाही. रत्ना ठेवलं. असलं नाव आमच्या घरात उच्चारताना अप्पांचीही जीभ अडखळायची. आणि माय तिला पाजताना तिच्या तोंडाकडं बघायची.

रत्ना आज उदगीरला सुखात आहे, स्वतःच्या दोन पोरांवर दिवसभर ओरडत असते, तेव्हा यापुढचं न घाबरता ऐकावं. पण त्या दिवशी आम्हाला हे माहीत नव्हतं. पुन्हा सुगीच होती, आणि वर्षाच्या रत्नाला ताप भरला होता. औषध आणलं, ताप उतरेना. दुपारी तिच्या छातीत घुरघुर सुरू झाली. तो आवाज ऐकून माय उठली, रत्नाला खालाच्या मांडीवर दिलं आणि ओढ्याकडं चालू लागली. मी मागोमाग गेले. तिच्या पायात चपला नव्हत्या, रानात नुकत्याच कापलेल्या तुरीची धसकटं होती, ती पायात घुसत होती आणि तिला कळत नव्हतं.

देवळात ती बसली. पदर डोक्यावर घेतला. "महादेवा," ती म्हणाली, "माझी रत्ना बिमार हाय." पुढं तिला बोलवेना. पण या वेळी ती अंग चोरून बसली नव्हती. पिंडीवर दोन्ही हात ठेवून, कपाळ टेकून, माहेरी आल्यासारखी रडत होती.

मला सहन झालं नाही. तीन वर्षांचा अबोला तिथंच फुटला. "माय, कामून यायलीस हितं?" मी ओरडले. "त्यानं केरबाला नेलं की! ह्याच्याकडंच कामून मागायलीस?"

तिनं वर बघितलं. मला वाटलं, देवळात असं बोलले म्हणून आता मारणार. तिनं माझा हात धरला आणि आपल्या गालाला लावला. तिची बोटं थंडगार होती. "भ्याव वाटायलंय गं मला," ती म्हणाली. "लै भ्याव वाटायलंय."

विश्वास म्हणजे भीती न वाटणं, अशी माझी त्या वेळी समजूत होती. शाळेतल्या पुस्तकात तसंच होतं. इथं तर ही बाई पानासारखी कापत होती आणि तरी तिथून उठत नव्हती.

"मग चल घरी," मी म्हणाले.

"जाऊ," ती म्हणाली. तिनं पदरानं पिंडीवरचं पाणी टिपलं, तान्ह्या पोराचं अंग टिपतात तसं, हळू. "चौघं त्याच्यापाशी हाईत माझी. तुमी दोघी माझ्यापाशी. आता त्यानं मला आन्‌ मी त्याला सोडून कुटं जायचं, बाई?"